रुग्ण क्रमांक सात

शेवगाव,
ता. २० फेब्रुवारी १९७२

चि. नीलांबरी हिस, काकाचे आशीर्वाद.

तू पाठविलेले इंग्रजी टिपण आणि त्याचा मराठी गोषवारा, दोन्ही पोचले. 'रुग्ण क्रमांक सात' या मथळ्याखाली तू माझ्या मुलीच्या आजाराची जी हकीकत लिहिली आहेस, तीत चार विधाने चुकीची आहेत. ती दुरुस्त झाल्याखेरीज हे टिपण तुझ्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांपुढे जाऊ नये. छापून आलेली चूक ही बोललेल्या चुकीसारखी हवेत विरत नाही.

पहिले विधान वयाचे. अंबिका अठ्ठावीस वर्षांची नाही. तिला सव्विसावे पूर्ण झाले आहे. दुसरे, ती 'घरकाम करणारी' नाही. ती येथील कन्याशाळेत गणित शिकविते, आणि तिच्या वर्गाचा निकाल माझ्या वेळच्या निकालापेक्षा चांगला लागतो, हे मी निवृत्त मुख्याध्यापक असूनही मान्य करतो. तिसरे, आजाराचा आरंभ १९७० च्या पावसाळ्यात झाला नाही. त्याच वर्षाच्या एप्रिलमध्ये, वार्षिक परीक्षेचे पेपर तपासत असताना, तिला प्रथम रक्त पडले. येथील डॉक्टरांनी ती जुनी आव समजून इंजेक्शने दिली, व हा उपचार तीन महिने नव्हे, तर वर्षाहून अधिक काळ चालला. मोठ्या आतड्याला आतून व्रण पडतात आणि ते आवेचे नसतात, हे निदान तू तिला पुण्यास नेलेस तेव्हा झाले. त्याचे श्रेय तू स्वतःकडे घेतलेले नाहीस; ते मी येथे नोंदवितो.

चौथे विधान दुधाचे. तू लिहितेस की, 'ऑक्टोबरअखेर रुग्णाला दूध बंद करण्यात आले.' या वाक्याच्या घडणीविषयी मी काही बोलत नाही. तू सूक्ष्म जंतूंचे शास्त्र शिकलीस, भाषा तुझ्या वाट्याला आली नाही. पण तारीख चूक आहे. दूध बंद झाले ते सोमवार, ता. ८ नोव्हेंबर १९७१ रोजी. त्या दिवशी तुझे पत्र आले आणि कारभारी गवळ्याला मी स्वतः दारातून परत पाठविले. तो म्हणाला, "गुर्जी, आजाऱ्याचं दूध तोडत्यात व्हय कुठं?" मी त्याला सांगितले की शास्त्राची तशी आज्ञा आहे. तोपर्यंत अंबिका डॉक्टरांच्या सांगण्यावरून रोज शेरभर दूध घेत होती, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

परिणाम तुला ठाऊक आहेच. डिसेंबर उजाडला आणि रक्त थांबले. जानेवारीत ती पुन्हा शाळेत जाऊ लागली. काल तिने मला सांगितले की तिचे जुने पोलके तिला घट्ट होऊ लागले आहे. दोन वर्षांनंतर या घरात कोणी अशी तक्रार केली.

तुझी काकू असती तर तिने तुझी दृष्ट काढली असती. मी तुझे टिपण शुद्ध करून देत आहे.

मार्तंड वामन टोकेकर


पुणे,
ता. २ मार्च १९७२

ती. काका यांस सा. न.

चारही दुरुस्त्या केल्या. चौथीसाठी मी तुमची विशेष ऋणी आहे, कारण आमचे सारे टिपण त्याच तारखेवर उभे आहे. तुम्ही विचारले नाहीत, तरी नीट सांगते.

आपल्या आतड्याच्या अस्तरात शरीराचे पहारेकरी असतात. बाहेरून आलेले काय आपले आणि काय परके, हे ते ठरवतात. अंबूच्या आजारात हे पहारेकरी स्वतःच्याच अस्तरावर तुटून पडतात, असा आजचा समज आहे. त्यांना कोण चिथावते हे कोणालाच माहीत नाही. आमचे प्रमुख डॉ. शामकांत पेठकर यांचा संशय दुधावर आहे. अशा रुग्णांच्या रक्तात दुधातल्या प्रथिनाविरुद्ध तयार झालेले द्रव्य सापडते. ते आम्ही असे मोजतो: मेंढीच्या तांबड्या पेशींवर दुधाचे प्रथिन चढवायचे, त्यात रुग्णाच्या रक्तातले पाणी घालायचे, आणि पेशींचे पुंजके होतात का ते पाहायचे. ते पाणी जितके पातळ करूनही पुंजके होतील, तितके ते द्रव्य अधिक. मेंढी प्रयोगशाळेच्या मागेच बांधलेली असते. आमच्यात सर्वांत जास्त रक्त आटवणारी तीच, म्हणून तिला सगळे 'प्राध्यापक' म्हणतात.

अंबूचे पुंजके आमच्या बारा रुग्णांत सर्वांत जास्त होते. गेल्या सप्टेंबरात तिचा आजार सर्वांत वाईट होता, आणि त्याच महिन्यात ती शेरभर दूध पीत होती. दूध बंद केल्यावर महिन्याभरात रक्त थांबले. दूध असताना आजार, दूध नसताना आराम, इतके स्वच्छ उदाहरण आमच्याकडे दुसरे नाही.

तरी एक सांगून ठेवते. हा आजार लहरी आहे. तो कधीकधी आपण होऊनही शमतो आणि पुन्हा येतो. म्हणून तर तारखांना महत्त्व.

अंबूला म्हणावे, पोलके उसवून घे, नवे शिवू नकोस. अजून वजन वाढायचे आहे.

तुमची,
नीलांबरी


शेवगाव,
ता. १८ जून १९७२

चि. नीलांबरी हिस आशीर्वाद.

तुझ्या पत्रातील 'लहरी' हा शब्द मी त्या वेळी वाचून सोडून दिला होता. मेच्या मध्यावर अंबिकेला पुन्हा रक्त पडू लागले. या खेपेस ताप आहे, आणि ती दिवसातून किती वेळा परसाकडे जाते हे ती मला सांगत नाही. पाऊस नाही. आडाला पाणी नाही. बायडाबाई, जी आमच्याकडे भांड्याला येते, ती टँकरपाशी उभी राहून अंबिकेपुरत्या दोन घागरी आणते. या आजारात पाण्याचे दुर्भिक्ष म्हणजे काय, ते तुमच्या पुस्तकांत नसेल.

दुधाचा थेंबही घरात येत नाही. ताक नाही, तूप नाही. देवाला नैवेद्य गुळाचा.

ता. १४ रोजी तिला नगरला एका सर्जनांना दाखविले. गृहस्थ तरुण आहेत, मितभाषी आहेत. त्यांनी सांगितले की मोठे आतडे समूळ काढावे, लहान आतड्याचे तोंड पोटावर उघडावे, आणि तेथे रबरी पिशवी बांधावी. पिशवी जन्मभर राहील. आजार मात्र उरणार नाही. मी विचारले, "थांबलो तर?"

"थांबता येतं. पण आतडं फुगून फाटलं, तर मग माझ्या हातात फारसं काही राहत नाही. आज ती चालत आली आहे. चालत आलेल्या माणसावर शस्त्रक्रिया केलेली मला आवडते."

अंबिकेने त्यांना विचारले की पिशवी बांधून सलग तासभर उभे राहता येईल का. ते म्हणाले, "दिवसभर." बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, "आप्पा, त्रैराशिक निम्म्यावर टाकून पळायला नको. मुलींना वाटतं, बाईंनाच उत्तर येत नाही."

मी सर्जनांना होकार दिला नाही. माझी कारणे लिहितो, म्हणजे तुला त्यांचे खंडन करता येईल. एक, जे कापले ते परत बसविता येत नाही. दोन, अविवाहित मुलगी आहे. आमच्या घरात सोवळेओवळे अजून पाळले जाते, आणि तिला उद्या पंक्तीत कोण बसू देईल हा प्रश्न मी ढोंग न करता मांडतो. तीन, आणि हेच मुख्य: तुमच्या उपायाने ती एकदा बरी झालेली आहे. मी ते डोळ्यांनी पाहिले आहे. जो उपाय एकदा लागू पडला, तो पुन्हा पडणार नाही असे मानण्यास मला आधार दिसत नाही.

तिच्या रक्ताचा नमुना मी स्वतः पुण्यास आणून दिला, तेव्हा तू मुंबईस गेली होतीस. थर्मासमधला बर्फ तिसगावपर्यंतच टिकला. तेथे गोरक्षनाथ नावाचा सरबतवाला आहे; त्याच्याकडे बर्फ मागितला. "सरबत न्हाई, निस्ता बरफ? काय गार करायचं, गुर्जी?" मी खरे ते सांगितले. त्याने हातगाडीवरचे फडके झटकले, बर्फ धुऊन घेतला, आणि म्हणाला, "लेकीचं हाय म्हंता, मंग लिंबवाल्यांस्नी आज कोमट पिऊ द्या." एसटीतील उतारूंनी त्याबद्दल मला बरेच ऐकविले.

मला तुझे मत हवे आहे. थांबण्यास आधार आहे की नाही?

मार्तंड


पुणे,
ता. २९ जून १९७२

ती. काका यांस सा. न.

नमुना चांगल्या स्थितीत मिळाला. निकाल असा की, अंबूच्या रक्तातले ते द्रव्य पुष्कळच उतरले आहे. पूर्वी जितके पातळ करूनही पुंजके होत, त्याच्या कितीतरी आधीच आता ते थांबतात. डॉ. पेठकरांच्या मते ही अत्यंत आशादायक गोष्ट आहे. आतड्याचा दाह रक्तातल्या बदलामागून सावकाश उतरेल, असे ते म्हणतात. घरात कुठून तरी दूध अजून जात असावे असाही त्यांना संशय आहे: बिस्किटे, प्रसादाचे पेढे, शाळेतला चहा. आणखी तीन महिने पथ्य कडक ठेवावे आणि शस्त्रक्रियेचा विचार त्यानंतर करावा, हे त्यांचे मत.

तुम्ही माझे मत विचारले आहे. काका, मी परीक्षानळ्यांशी काम करते. रुग्णाच्या पोटावर हात ठेवून निर्णय घेणाऱ्यांपैकी मी नाही. आकडे चांगले आहेत एवढे मी खात्रीने सांगू शकते.

टिपण जुलैत छापायला जाईल. त्याची घाई चालली आहे, म्हणून पत्र आटोपते.

नीलांबरी


शेवगाव,
ता. १६ जुलै १९७२

प्रिय नीलूताई,

हे पत्र मी आप्पांना न दाखवता टाकते आहे, म्हणून ऱ्हस्वदीर्घाच्या चुका तशाच राहतील. तेवढीच मोकळीक.

तुझे पत्र आप्पांनी मला तीनदा वाचून दाखवले. तिसऱ्यांदा वाचताना 'अत्यंत आशादायक' या दोन शब्दांवर ते थांबले आणि चष्मा पुसायला लागले. तेव्हापासून घरात शस्त्रक्रियेचा विषय निघत नाही. बिस्किटांचा डबा त्यांनी शेजारी देऊन टाकला आहे. त्यात बिस्किटे नव्हती, खिळे होते.

माझे रक्त तुमच्याकडे सुधारते आहे याचा मला आनंद आहे. इकडे जे राहिले आहे ते मात्र सुधारत नाही. मी शाळा सोडली. म्हणजे रजा टाकली, पण मुख्याध्यापिकाबाईंनी माझी खुर्ची वर्गातून हलवली आहे असे कळले. उभी राहिले की डोळ्यांपुढे अंधारी येते. रात्रंदिवस पाण्याचा विचार असतो. बायडाबाई घागर घेऊन येते आणि म्हणते, "अंबूताई, वाईच कमी जावा की, टँकर काय तुमच्या बापाचा हाय?" मी म्हणते, "बापाचा असता तर त्याने आधी पाणी गाळून, मग त्याचे व्याकरण तपासून दिले असते." ती हसते, पण पाणी आणते.

मला ते आतडे काढून टाकायचे आहे, ताई. पिशवीचे मला काही वाटत नाही. लग्नाचे म्हणशील, तर दोन वर्षांत कोणी विचारायला आलेले नाही, आणि आले असते तरी मी त्यांना बसवून परसाकडेच गेले असते. आप्पांपुढे माझे चालत नाही. त्यांना मी सांगितले की माझी तयारी आहे. ते म्हणाले, "तयारी असणे हे कारण नव्हे." तुझे मात्र ते ऐकतात. तू छापतेस ना, म्हणून.

तू एवढेच लिही: काका, तिला नगरला न्या. बाकी काही नको. शास्त्र नको.

तुझी,
अंबू


शेवगाव,
ता. १९ ऑगस्ट १९७२

चि. नीलांबरी हिस आशीर्वाद.

तुझ्याकडून महिना उलटून गेला तरी पत्र नाही. टिपणाच्या कामात असशील.

आज सकाळी जे घडले ते जसेच्या तसे लिहितो. त्यात माझे मत कोठेही मिसळत नाही.

अंबिकेचे पोट कालपासून फुगले आहे. ती अंथरुणावर आहे. मी तिला कडक पथ्याचा दुसरा महिना पुरा होत आल्याचे सांगत होतो, आणि धीर द्यावा म्हणून म्हणालो की गेल्या सप्टेंबरात तू याहूनही वाईट होतीस, तेव्हा दूध चालू होते. दूध तुटले आणि तू उठलीस.

ती म्हणाली, "आप्पा, सप्टेंबरात मी दूध कुठं घेत होते?"

मी म्हणालो की रोज शेरभर येत होते, मी स्वतः पेल्यात ओतून तिच्या खोलीत ठेवीत होतो.

"ठेवत होतात. मी बायडाबाईच्या नातीला देत होते. तिची आई गेली होती ना. आईचं क्षीरव्रत होतं, आप्पा. भाद्रपदातल्या द्वादशीपासून आश्विनातल्या एकादशीपर्यंत दूध घ्यायचं नाही. आई गेल्यावर मी धरलं."

तुला हे माहीत असेल वा नसेल. आमच्या घरात चातुर्मासात क्रमाने एकेक पदार्थ सोडण्याची रीत आहे: एक महिना भाजी, एक महिना दही, एक महिना दूध, एक महिना डाळ. अंबिकेच्या आजारामुळे मी तिला ही व्रते करण्यास मनाई केली होती. डॉक्टरांनी शक्तीसाठी दूध सांगितले होते. ते सोडणे मला मूर्खपणा वाटला होता. म्हणून तिने मला सांगितले नाही.

मी विचारले की नीलांबरीने पुण्यास तुझी हकीकत लिहून घेतली, तेव्हा तिला हे का सांगितले नाहीस.

ती म्हणाली, "तिनं विचारलं, पथ्य कधीपासून. पथ्य नोव्हेंबरपासूनच. व्रत काय औषध म्हणून धरतात? प्रयोगशाळेत व्रत मोजतात हे मला काय ठाऊक." मग म्हणाली, "आणि व्रत धरलं ते बरं वाटावं म्हणूनच धरलं होतं. नाही वाटलं. ते कोणाला सांगायचं?"

बायडाबाई दारात होती. तिला मी विचारले. ती म्हणाली, "व्हय, दिलं ताईनी. म्या म्हनलं हुतं, ताई, तुमी आजारी, तुमीच प्या. तर म्हन्ल्या, तुझी नात प्याली तरी द्येवाला चालतंय. न्हाई म्हनू का मी? प्वोर उपाशी हुती."

आता मी जे समजतो ते लिहितो. चुकत असल्यास दुरुस्त कर. गेल्या वर्षी सप्टेंबरात दूध बंद होते आणि आजार शिगेला होता. नोव्हेंबरात दूध पुन्हा बंद झाले आणि आजार शमला. आज नऊ महिने दूध बंद आहे आणि आजार पुन्हा शिगेला आहे. मी तर्कशास्त्र चाळीस वर्षे मुलांना वाक्यपृथक्करणातून शिकविले. यातून दुधाविषयी कोणताच निष्कर्ष निघत नाही. मग मी दोन महिने कशासाठी थांबलो आहे?

उलट टपाली उत्तर दे.

मार्तंड


पुणे,
ता. २१ ऑगस्ट १९७२

ती. काका,

तार केली आहे, ती या पत्राआधी मिळेल. तुम्ही बरोबर समजला आहात. दुधाचा काही संबंध सिद्ध होत नाही. डिसेंबरात आजार आपण होऊन शमला होता.

एक क्षण थांबू नका. पोट फुगणे हे फार वाईट लक्षण आहे. नगरला शक्य नसेल तर सरळ पुण्याला आणा. खाट सांगून ठेवली आहे, सर्जनांशी बोलले आहे. एसटीने नको, जीप मिळवा. वाटेत पाण्याखेरीज काही देऊ नका.

अंबूचे जुलैतले पत्र माझ्या टेबलावर आहे. तिला सांगा, मी उत्तर लिहायला घेतले होते.

नीलांबरी


पुणे,
ता. ३० ऑक्टोबर १९७२

ती. काका यांस सा. न.

दोन महिने झाले, पत्र लिहिण्याचे धैर्य झाले नाही. ससून रुग्णालयाच्या वाटेने जाताना अजून पाय थबकतात. शस्त्रक्रियेच्या आधी ती शुद्धीवर होती तेव्हाचे तिचे शेवटचे बोलणे तुम्ही ऐकलेले नाही, कारण तुम्ही रक्त द्यायला खाली गेला होतात. ती म्हणाली, "आप्पांना म्हणावं, पिशवी झाकता येते. पदर असतो." एवढेच. ती उठेल असेच तिला वाटत होते.

आता ज्यासाठी लिहिते आहे ते. टिपण या महिन्यात छापून आले. ते जुलैतच पाठवले गेले होते. परत मागवता आले नाही, निदान आम्ही मागवले नाही. त्यात रुग्ण क्रमांक सातपुढे छापले आहे: 'दूध वर्ज्य केल्यावर एका महिन्यात रक्तस्राव थांबला. सुधारणा टिकून आहे.' मी डॉ. पेठकरांना सर्व सांगितले. ते वाईट मनुष्य नाहीत. त्यांनी अंबूचे सारे आकडे पुन्हा काढून पाहिले. मग म्हणाले की, देखरेखीविना पाळलेल्या व्रताला पुरावा म्हणता येत नाही. दुरुस्ती छापली तर उरलेल्या अकरा रुग्णांवरचाही विश्वास उडेल. पुढच्या मोठ्या निबंधातून मात्र क्रमांक सात पूर्ण गाळायचे त्यांनी मान्य केले आहे. आठव्याला सातवा करतील. अंबूचे नाव किंवा उल्लेख पुन्हा कुठेच येणार नाही.

मला वाटते, तुम्हालाही तेच बरे वाटेल. निदान तिचा उपयोग करून घेतला असे होणार नाही.

काका, मी तुम्हाला जूनमध्ये 'थांबू नका' असे लिहायला हवे होते. मला तेव्हा वाटत होते, तसे मी लिहिले नाही. तुम्ही मला जे काही लिहाल ते मी घेईन.

नीलांबरी


शेवगाव,
ता. ९ नोव्हेंबर १९७२

चि. नीलांबरी हिस,

तुझे पत्र मिळाले. मी तुला रागावून लिहावे अशी तुझी अपेक्षा दिसते. ती मी पुरी करू शकत नाही, कारण जून महिन्यातल्या तुझ्या पत्रात असत्य असे काहीच नव्हते. आकडे चांगले आहेत, असे तू लिहिलेस. ते चांगलेच होते. त्या आकड्यांपलीकडे अंबिका होती. तिला मी पाहत होतो, तू पाहत नव्हतीस. ती स्वतः सांगत होती आणि मी तुझ्या कागदावर अधिक विश्वास ठेवला.

डॉ. पेठकरांची सूचना मला मान्य नाही.

तुम्ही तिला गाळू नका. ती तुमच्या बारा रुग्णांपैकी सातवी होती आणि सातवीच राहील. चुकलेले वाक्य खोडून मोकळी जागा सोडली तर वाक्य शुद्ध होत नाही; वाचणाऱ्याला तेथे काही होते एवढेही कळत नाही. ज्या अंकात ते टिपण छापले आहे तो अंक दूरदूरच्या डॉक्टरांकडे गेला असेल. त्यांच्यापैकी एखाद्याच्या समोर आज कोणी बाप बसला असेल आणि विचारत असेल की थांबण्यास आधार आहे का. डॉक्टर तुमचा अंक उघडेल, सातव्या रुग्णापुढील ओळ त्याला वाचून दाखवील, आणि तो बाप घरी जाऊन दूधवाल्याला परत पाठवील. मला तो मनुष्य परिचित आहे. तो हुशार असतो, आणि त्याला आधार मिळाला की तो मुलीचे ऐकत नाही.

व्रताला पुरावा म्हणता येत नाही, असे तुमचे प्रमुख म्हणतात. माझ्या सांगण्यावरून शेरभर दुधाचा पुरावा त्यांनी घेतला होता. मी दूध पेल्यात ओतताना पाहिले; पिताना पाहिले नाही. देखरेख तेव्हाही नव्हती. ज्या साक्षीने त्यांचे मत उभे राहिले ती त्यांनी घेतली, जी ते पाडते ती ते नाकारतात. हे मी त्यांना स्वतंत्र पत्राने, इंग्रजीत, कळवीत आहे. छापणाऱ्या संपादकांनाही कळवीन. उत्तर येईल अशी मला आशा नाही. तू त्या पत्रावर सही करावीस असा आग्रह नाही. तुझी नोकरी तेथे आहे.

माझ्याविषयी तू विचारले नाहीस, तरी लिहितो. घरात आता मोजके पाणीही उरते. बायडाबाई दोन घागरी आणते, सवयीने. एक ती परत नेते. परवा मी तिला विचारले की नात कशी आहे. म्हणाली, "हाय चांगली. चालाया लागली." नंतर पदर तोंडाला लावून आत गेली. वाचन होत नाही. एकाच गोष्टीवर मन पुन्हा पुन्हा जाते, आणि ती गोष्ट बदलत नाही.

खाली तारखा देतो. टिपणात त्या ज्या ठिकाणी चुकल्या वा सुटल्या आहेत तेथे या घालाव्यात. तू सही केली नाहीस तरी, या तरी बरोबर उतरून घे.

मार्तंड वामन टोकेकर

रुग्ण क्रमांक सात: शुद्ध केलेल्या तारखा

एप्रिल १९७०. आजाराचा आरंभ. टिपणात आता बरोबर आहे.

भाद्रपद शुद्ध द्वादशी ते आश्विन शुद्ध एकादशी, शके १८९३. म्हणजे सप्टेंबर १९७१, जवळजवळ संपूर्ण. रुग्णाने दूध घेतले नाही. आजार सर्वाधिक तीव्र. टिपणात 'रोज एक शेर दूध' असे छापले आहे. ही माहिती मी दिली होती. ती चुकीची आहे.

ऑक्टोबर १९७१. व्रत संपल्यावर दूध पुन्हा सुरू. टिपणात उल्लेख नाही.

८ नोव्हेंबर १९७१. प्रयोगशाळेच्या सूचनेवरून दूध बंद.

डिसेंबर १९७१, पहिला आठवडा. रक्तस्राव थांबला. कारण अज्ञात. टिपणात कारण दिले आहे, ते काढावे.

मे १९७२ चा मध्य. दूध बंद असताना आजार उलटला. टिपण यानंतर दोन महिन्यांनी छापण्यास गेले. त्यात उल्लेख नाही.

१४ जून १९७२. शस्त्रक्रियेचा सल्ला प्रथम मिळाला. रुग्णाची संमती त्याच दिवशी. रुग्ण चालत आली होती.

२३ ऑगस्ट १९७२. शस्त्रक्रिया. आतडे आधीच फाटलेले. या दोन तारखांमधील विलंब रुग्णाच्या पित्याने केला.

२६ ऑगस्ट १९७२. मृत्यू. टिपणात या ठिकाणी 'सुधारणा टिकून आहे' असे छापले आहे.